कुठल्या पथकात घालू?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मला फोन येऊ लागतात. बहुतेक फोन अनोळखी आयांचे. "बाई, तुमचा नंबर मैत्रिणीने दिला. मुलाला स्काऊटला घालायचंय, एखादं चांगलं पथक सांगाल?" मग हळूहळू कळतं, की कुणाला मुलाला शिस्त लागायला हवी आहे, कुणाला त्याच्या हातातला मोबाइल सुटायला हवा आहे, कुणाला दहावीच्या आत राज्य पुरस्काराचं प्रमाणपत्र हवं आहे. क्वचित एखादी आई जरा घुटमळते आणि म्हणते, "तो थोडा वेगळा आहे हो. घेतील ना त्याला नीट?" मला विचाराल तर बाकीच्यांच्या मनातही हेच असतं. तोंडावर येत नाही, इतकंच.

प्राथमिक शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाच्या गळ्यात जे जे पडतं, त्यात माझ्या गळ्यात कब-बुलबुल, म्हणजे लहानग्यांचं स्काऊट-गाइड, पडलं. पुण्यातली अनुदानित शाळा, खच्चून भरलेले वर्ग आणि मुख्याध्यापकांची एकच अपेक्षा : "बाई, सव्वीस जानेवारीचं संचलन नीट झालं पाहिजे." पुढे बेसिक कोर्स झाला, अॅडव्हान्स्ड झाला, मग हिमालय वुड बॅजचे दोन लाकडी मणी त्याच गळ्यात आले. गाइड्सची कंपनी घेतली. नंतर राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरांना परीक्षक म्हणून जाऊ लागले आणि जिल्ह्यातली कितीतरी पथकं जवळून बघायला मिळाली. काही पथकांत मी स्वतःचं मूल डोळे मिटून सोडलं असतं, काहींत अजिबात नाही. गंमत अशी, की दुसऱ्या प्रकारातली पथकं मैदानावर जास्त देखणी दिसायची.

आधी व्यवहाराचं सांगते. इंग्लंडमध्ये स्काऊट गट वस्तीचा असतो, त्याची स्वतःची छोटी इमारत असते आणि नाव नोंदवून मुलं रांगेत थांबतात. आपल्याकडे पथक बहुतेक वेळा शाळेचं असतं. त्यामुळे शाळा निवडली की पथक आपोआप निवडलं जातं, आवडो न आवडो. शाळेत पथक नसेल, किंवा असून नसल्यासारखं असेल, तर मुक्त पथक शोधावं लागतं, म्हणजे कुठल्याही शाळेच्या मुलांसाठी खुलं असलेलं. ती संख्येने कमी आहेत आणि त्यांची पाटी सहसा कुठे लागलेली नसते. भारत स्काऊट्स आणि गाइड्सच्या जिल्हा कार्यालयात जाऊन जिल्हा संघटकांना विचारावं, हा खात्रीचा रस्ता. मुलगा असेल तर स्काऊटच्या संघटकांना, मुलगी असेल तर गाइडच्या. आपल्या भागात कोणतं पथक खरंच भरतं आणि कोणतं फक्त नोंदणीच्या कागदावर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. समोरासमोर बसून विचारलं तर सांगतातही.

वयाचं गणित सोपं आहे. पाच ते दहा वर्षांची मुलं कब आणि मुली बुलबुल, दहा ते सतरा स्काऊट आणि गाइड, त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. ज्यांना प्रमाणपत्रच हवं असतं अशा पालकांना मी एवढंच सांगते, की प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार अशी ती चढण आहे आणि प्रत्येक पायरीवर काही महिने जातात. नववीच्या दिवाळीनंतर फोन करून ती चढता येत नाही. यावर फोन बहुधा लवकर संपतो.

बाकीच्यांना मी सांगते, की नाव घालण्याआधी एक सभा बघून या. पथकाची साप्ताहिक सभा, संचलनाची तालीम नव्हे. मैदानाच्या कडेला उभं राहा आणि सरांकडे किंवा बाईंकडे बघू नका. संघनायकाकडे बघा.

सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि त्यांच्यातलाच एक संघनायक, या एका कल्पनेवर सगळा डोलारा उभा आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा बड्या घरांतली, महागड्या शाळांत शिकणारी मुलं आणि कामगारांची मुलं त्यांनी मुद्दाम एकत्र आणली. लांडगे, बैल, कावळे आणि कुरव पक्षी अशा चार संघांत त्यांना मिसळून टाकलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून मी पालकांना म्हणते, संघ कसे पाडलेत ते विचारा. मी एका शाळेत बघितलं, तुकडी अ चा एक संघ, ब चा एक, आणि 'राहिलेल्यांचा' एक. त्या तिसऱ्या संघाला ध्वजाची काठीसुद्धा वाकडी मिळाली होती. संचलन मात्र त्या शाळेचं नंबरात यायचं.

चांगला संघनायक ओळखायला फार वेळ लागत नाही. उशिरा आलेलं मूल धापा टाकत मैदानात शिरतं, तेव्हा तो काय करतो बघा. काही ठिकाणी तो सरांकडे बघतो. सर ओरडले की मग तोही ओरडतो. काही ठिकाणी तो बोलणं न थांबवता अर्धं पाऊल बाजूला सरकतो आणि गोलात जागा होते. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. त्याच्या आधीच्या संघनायकाने तसंच केलेलं असतं. पथकात मोठ्या माणसांपेक्षा मुलांच्या सवयी जास्त दिवस टिकतात. सर बदलून गेले तरी पथकाचा स्वभाव चार-पाच वर्षं तसाच राहिलेला मी पाहिला आहे, चांगलाही आणि वाईटही.

बघण्यासारखी दुसरी जागा म्हणजे खरी कमाई. मुलांनी अंगमेहनतीने चार पैसे मिळवावेत, असा हा उपक्रम. शाळांत त्याची बहुतेक जत्रा होते. भेळ, वडापाव, सरबत, आणि टेबलामागे इस्त्रीच्या गणवेशात मुलं. आता भेळ कोणी केली ते विचारा. आईने रात्री अकरापर्यंत जागून चटण्या केल्या, बाबांनी टेम्पो आणला आणि मुलाने फक्त पैसे घेतले, तर ती आईची खरी कमाई झाली. याउलट एका मुक्त पथकातल्या मुली सोसायटीतल्या सायकली धुऊन द्यायच्या. निम्म्या साखळ्यांना तेल लावायचं राहायचं, एका आजोबांनी तर सायकल परत धुवायला लावली. पण हिशेबाची वही मुलींनी लिहिलेली होती आणि तिच्यात खाडाखोड होती. मला ती वही कुठल्याही स्वच्छ वहीपेक्षा आवडली.

'जरा वेगळ्या' मुलांबद्दल मात्र जास्त बोलायला हवं. माझ्याकडे एक मुलगा होता. बोलताना अडखळायचा, आवाज वाढला की कानांवर हात ठेवायचा. कबमध्ये ग्रँड हाऊल म्हणून एक प्रकार असतो, सगळी पोरं उकिडवी बसून अकेलाच्या, म्हणजे कब घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या, स्वागताला लांडग्यासारखी एकसुरात आरोळी देतात. किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टीवरच कबचा सगळा खेळ रचलेला, त्यामुळे त्यातून सुटका नाही. याला ती आरोळी सहन व्हायची नाही. म्हणून त्याने लांब, झाडापाशी उभं राहायचं आणि आरोळी संपली की यायचं, असं त्याच्या षट्कातल्या, म्हणजे कबच्या छोट्या संघातल्या, मुलांनी आपापसात ठरवून टाकलं. मला नंतर कळलं. झाडापासून गोलापर्यंत तो धावत यायचा, आणि काही दिवसांनी त्या धावण्याचाच सगळ्यांनी खेळ केला.

पुढे तो स्काऊटमध्ये गेला. सिंहगडाच्या पायथ्याशी पावसाळी शिबिर होतं. संघनायकाने त्याला काम दिलं, काडेपेटी कोरडी ठेवायची. एवढंच. वाटायला क्षुल्लक वाटतं, पण पावसाळी शिबिरात काडेपेटी म्हणजे संघाचं जेवण. त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी पँटच्या खिशात घातली आणि ओढ्यात कमरेपर्यंत उतरला. त्या दिवशी त्या संघाने चिवडा आणि कच्ची काकडी खाल्ली. पोरं चिडली, एकाने शिव्याही दिल्या. संध्याकाळी कामांची वाटणी झाली तेव्हा मी मुद्दाम जवळ जाऊन थांबले होते. संघनायकाने दुसरी काडेपेटी काढली, त्यालाच दिली आणि म्हणाला, "टोपीत ठेव."

पालक विचारतात, विशेष मुलांसाठी तुमच्याकडे काही खास सोय आहे का? पत्रकात सोय छापलेली असते, चळवळीच्या नियमातही प्रवेश सगळ्यांना खुला आहे. पण मी दुसरी काडेपेटी कोणाला मिळते ते बघते.

'सगळ्यांना खुला' हे आपल्याला फुकट मिळालेलं नाही, हेही आठवणीत असावं. भारतात १९०९ मध्ये स्काऊटिंग सुरू झालं, ते साहेबांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना त्यात प्रवेश नव्हता. मग अॅनी बेझंट यांनी मद्रासकडे भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली, उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची पथकं उभी केली. स्वातंत्र्यानंतर हे वेगवेगळे प्रवाह ७ नोव्हेंबर १९५० रोजी एक झाले आणि पुढच्या वर्षी गाइड्सही त्यात आल्या. इतका खटाटोप करून उघडलेलं दार एखाद्या शाळेतले सर जेव्हा 'गणवेश नाही, बाजूला उभा राहा' म्हणून लोटून देतात, तेव्हा मला राग येतो.

गणवेशाची गोष्ट खरंच अवघड आहे. स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, टोपी, पट्टा, स्कार्फ, वॉगल, शिवाय बूट. दोन मुलं असलेल्या घराला हा खर्च जड जातो आणि मूल वर्षभरात त्यातून वाढून बाहेर पडतं. समजदार पथकात एक ट्रंक असते. मोठी झालेली मुलं आपले कपडे धुऊन तिच्यात ठेवून जातात, नवं मूल त्यातून घेतं. कोणी काय घेतलं याची नोंद नसते. पहिल्या भेटीत मी ट्रंकेबद्दल विचारते. "अशी काही पद्धत नाही, दुकान सांगतो" असं उत्तर आलं, की पथक पैसेवाल्या घरांचं झालंय असं समजावं.

एकदा एका गाइडचे वडील भेटायला आले. बौद्ध कुटुंब. आधीच्या शाळेत त्यांच्या मुलीला प्रतिज्ञेवरून त्रास झाला होता. "बाई, आम्ही बावीस प्रतिज्ञा मानणारी माणसं. माझी मुलगी ईश्वराला स्मरून वचन देणार नाही. तिथल्या सरांनी सांगितलं, की प्रतिज्ञेतला शब्द बदलत नाही, नसेल जमत तर राहू द्या." वास्तविक शब्द बदलता येतो. नियमातच तशी मुभा आहे, ईश्वराच्या जागी धर्म म्हणता येतं. सरांनी पुस्तक उघडून बघितलं असतं तरी पुरलं असतं. त्या वडिलांना मी पान दाखवलं. ते बराच वेळ वाचत राहिले, मग म्हणाले, "आणि सभेच्या सुरुवातीची प्रार्थना?" प्रार्थनेबद्दल पुस्तकात तसं काही नव्हतं. मी म्हटलं, ती शांत उभी राहील, कोणी काही विचारणार नाही. तिने गाइडच्या दीक्षाविधीला धर्म म्हणून प्रतिज्ञा घेतली. पुढच्या वर्षी दुसरी एक मुलगी, जिच्या घरी गणपती बसतो, तीही तेच म्हणाली. का, असं मी विचारलं नाही.

मुलींच्या पालकांची काळजी वेगळी असते आणि ती रास्त आहे. "रात्री मुक्काम आहे? मग नको." अशा वेळी चांगलं पथक रुसत नाही आणि 'तुमचा आमच्यावर विश्वास नाही का' असं म्हणत नाही. पालकांनी स्पष्ट विचारावं : सोबत बायका किती, मुली कुठे झोपणार, मोठं माणूस मुलांच्या तंबूत झोपत नाही ना, एकट्या मुलाला घेऊन कोणी कुठे जात नाही ना, संडास किती लांब, जवळचा दवाखाना कोणता, पाण्यात उतरवणार का. या शेवटच्या प्रश्नावर मी फार कडक आहे. पुण्याभोवती धरणं आणि डोह कमी नाहीत, आणि दर पावसाळ्यात सहलीला गेलेल्या पोरांच्या बातम्या वाचवत नाहीत. संमतिपत्र छापील असेल, हजेरी दर थोड्या वेळाने घेतली जात असेल, आणि या प्रश्नांना बाई न चिडता उत्तरं देत असतील, तर पाठवा. एकदा आईबाबांनी शिबिर दुरून बघितलं तरी चालतं. दुरून हे महत्त्वाचं. एका वडिलांनी घडीची खुर्ची आणली आणि मुलीच्या तंबूसमोर मांडली. संघनायिकेनेच येऊन सांगितलं, "काका, हा आमचा कोपरा आहे. खुर्ची त्या झाडाखाली चालेल."

शिबिर म्हटलं की पालकांना साहस वगैरे दिसतं. प्रत्यक्षात त्यातला बराच वेळ भांडी घासण्यात आणि रुसवे काढण्यात जातो. चूल धुमसते, भात खाली लागतो, मोगरा संघाची पळी गुलाब संघाने नेलेली असते. वेताळ टेकडीवर खुणांचा माग काढायचा खेळ घेतला, की एक संघ हमखास दगडखाणीच्या दिशेला जातो, कारण कोणीतरी बाण ओलांडून गेलेलं असतं. वाट संपली की वर्तुळ आणि मध्ये एक ठिपका, म्हणजे 'मी घरी गेलो' ही खूण. केनियात बेडन-पॉवेल यांच्या समाधीच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे, हे सांगितलं की मुलं क्षणभर गप्प होतात आणि लगेच वडे कधी मिळणार ते विचारतात.

एक कटू गोष्टही बोलते. आवडतं पथक मिळूनही काही मुलांना तिथे करमत नाही. गाठी मारण्यात, रांगेत उभं राहण्यात त्यांचा जीव रमत नाही, आणि ते ठीक आहे. वर्षभर जाऊन मूल 'नको' म्हणालं तर आईबाबांनी 'आता गणवेश घेतलाय' म्हणून ढकलू नये. सोडून जाणाऱ्या मुलाला पथक कसं निरोप देतं, तेही बघण्यासारखं असतं. आमच्याकडे सोडणारी मुलं डावा हात पुढे करून सगळ्यांशी हस्तांदोलन करतात, स्काऊटांची पद्धत ती, आणि कपडे ट्रंकेत टाकतात. काही पथकांत मात्र जाणाऱ्याचं नाव फळ्यावरून पुसून टाकतात आणि त्याच्याशी कोणी बोलत नाही. तिथे नव्यांनाही फार जपून वागावं लागतं.

सगळं सांगून झालं, की पुष्कळदा पलीकडून उत्तर येतं, "पण आमच्या भागात मुक्त पथक नाहीच ना!" खरं आहे. मोठ्या माणसांअभावी पथकं बंद पडतात, मुलांअभावी क्वचितच. मग मी म्हणते, "तुम्ही या. बेसिक कोर्स करा, मी मदत करते." इथे बहुतेकांना नेमकं दुसरा फोन येतो. एकीला आला नाही. बँकेत नोकरी, दोरीशी संबंध फक्त कपडे वाळत घालण्यापुरता. तिने कोर्स केला, तिथे तंबूत मुंग्या होत्या याची तक्रार अजून करते. मुलाला शोधून पथक मिळेना म्हणून तिने सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत स्वतःच एक सुरू केलं. पहिल्या दिवशी मुलगा म्हणाला, आईच्या पथकात मी संघनायक होणार नाही, सगळे म्हणतील वशिला लावला. तिने दुसऱ्याला केलं. दोन वर्षांनी मुलगा फुटबॉलला गेला. तिचं पथक चालू आहे, रविवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ, आणि क्लोव्ह हिचची गाठ तिला अजून एका हाताने मारता येत नाही. मुलं शिकवतायत.